शशिकला : सोलापूरची पोर, पडद्यावरची खलनायिका

४ एप्रिल २०२१. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेचे दिवस होते. शाळा बंद होत्या आणि आम्ही मोबाईलसमोर बसून, दिसत नसलेल्या मुलांना उर्दू व्याकरण शिकवत होतो. त्या दिवशी शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटावर बातमी आली की जुन्या काळच्या अभिनेत्री शशिकला मुंबईत वारल्या, वय ८८. कुणी लिहिले, ‘सोनपरी’तली आजी गेली. कुणी लिहिले, ती खाष्ट सासू, ती कपटी जाऊ. मग पुन्हा लसीकरणाच्या ड्युटीची चर्चा सुरू झाली आणि शशिकला खाली सरकत गेल्या.

संध्याकाळी आमचे एक निवृत्त ज्येष्ठ सहकारी फोनवर म्हणाले, “शशिकला अपने शोलापूर की थी, मालूम है ना?” आम्हाला माहीत नव्हते. इतिहास शिकवणाऱ्या, याच शहरात वाढलेल्या माणसाला आपल्या गावच्या एवढ्या मोठ्या अभिनेत्रीचे जन्मगाव माहीत नसावे, याची शरम वाटली. दुसऱ्या दिवशी ऑनलाइन वर्गात विचारले, तेव्हा एकाही मुलीला नाव ठाऊक नव्हते. दोष मुलींचा नव्हता. आम्हीच त्यांना सांगितले नव्हते.

हा लेख त्या शरमेतून लिहिला आहे. त्याला आणखी एक कारण आहे, ते शेवटी येईल.

गिरण्यांचे गाव आणि एक बुडालेले घर

शशिकला जवळकर यांचा जन्म ४ ऑगस्ट १९३२ रोजी सोलापुरात, भावसार शिंपी समाजातल्या एका घरात झाला. त्या वेळचे सोलापूर डोळ्यांसमोर आणले पाहिजे. १८७७ साली सुरू झालेली, लोक जिला नुसते ‘जुनी गिरणी’ म्हणत ती गिरणी, तिच्यामागून आलेल्या इतर गिरण्या, भोंग्यावर उठणारे आणि भोंग्यावर झोपणारे शहर. मराठी, कानडी, तेलुगू आणि आपली दखनी उर्दू, अशा चार भाषा एकाच गल्लीत ऐकू येत. शशिकलाच्या जन्माआधी दोनच वर्षे, मे १९३० मध्ये, या शहरावर इंग्रजांनी मार्शल लॉ लादला होता. १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन या चौघांना येरवड्यात फाशी झाली. ज्या शहरात शशिकला जन्मली त्या शहराच्या घराघरांत तेव्हा ही जखम ताजी होती.

तिचे वडील व्यापारी होते आणि घर खाऊन-पिऊन सुखी होते. सहा भावंडे होती. पण वडिलांनी आपल्या धाकट्या भावाला शिकायला इंग्लंडला पाठवले आणि कमाईतला मोठा वाटा तिकडे जाऊ लागला. भावाला पुढे चांगली नोकरी लागली, पण ज्या घराने त्याला उभे केले त्याच्याकडे त्याने पाठ फिरवली, असे शशिकलाबाईंनी पुढे अनेकदा सांगितले आहे. व्यापार बसला आणि घर कर्जात गेले.

वाचकहो, ही गोष्ट आपल्याला परकी नाही. एका मुलासाठी सगळ्या घराने पोट मारायचे आणि तो मुलगा दूर गेला की मागे राहिलेल्यांनी नशिबाला बोल लावायचा, हे आपल्या मोहल्ल्यातही घडते. पूर्वी विलायत होती, नंतर आखात आले, एवढाच फरक. पण या कथेत पुढे जे झाले ते वेगळे आहे. ज्या मुलावर पैसा ओतला त्याने घर सावरले नाही, आणि जिच्यावर कुणी काही खर्चले नव्हते त्या पोरीने ते सावरले.

रंगमंच : पाचव्या वर्षापासून

शशिकला पाच वर्षांची असल्यापासून नाचत होती, गात होती, नाटकात कामे करत होती. सोलापूर जिल्ह्यातल्या अनेक गावांतून तिचे कार्यक्रम झाले. तिच्या अभिनयाची पहिली शाळा म्हणजे हा रंगमंच. कॅमेरा फार नंतर आला.

१९३५ ते ४० हा काळ मुलीने रंगमंचावर उभे राहण्याच्या दृष्टीने कसा होता, हेही समजून घ्यायला हवे. मराठी संगीत रंगभूमीवर बायकांच्या भूमिका पुरुष करत आणि बालगंधर्वांनी त्या भूमिका कळसाला नेल्या होत्या. ही रीत मोडायला ज्यांनी हात लावला त्यांत हिराबाई बडोदेकर पुढे होत्या. १९२९-३० च्या सुमारास त्यांनी आपल्या भावंडांसह नाटक मंडळी काढली आणि स्वतः स्त्रीभूमिका केल्या. हिराबाई म्हणजे किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ आणि ताराबाई माने यांची लेक. खाँसाहेब मिरजेत राहिले आणि मिरजेच्या दर्ग्याच्या आवारातच त्यांची कबर आहे. मराठी रंगभूमीवर घरंदाज बाईला मानाने उभे करण्याच्या इतिहासात असा एक धागा आपल्याही अंगणातून गेला आहे. तो कुणी ओढून दाखवत नाही म्हणून तो नाही असे होत नाही.

आपल्या जिल्ह्यातच पाहायचे तर बार्शीचे शाहीर अमर शेख. १९१६ साली जन्मलेला हा गिरणी कामगार पुढे डफ हातात घेऊन साऱ्या महाराष्ट्रापुढे उभा राहिला. म्हणजे त्या काळी या मातीत आवाज होता आणि ऐकणारे कानही होते. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेत तंबू पडत, गावोगाव उरूस होत, आणि माणसे मैलोन् मैल चालत खेळ बघायला जात. लहानग्या शशिकलासमोर बसणारे प्रेक्षक याच जातीचे होते. भूमिका आवडली नाही तर उठून जाणारे, आणि आवडली तर डोळे पुसणारे. अशा प्रेक्षकांपुढे ज्याचे बालपण जाते त्याला कॅमेऱ्याची भीती कशी वाटणार?

पण एक गोष्ट विसरता कामा नये. हे कौतुकाचे नाचणे-गाणे पुढे घराच्या गरजेचे झाले. ज्या वयात आमच्या वर्गातल्या मुली पहाडे पाठ करतात, त्या वयात या मुलीच्या अंगातल्या गुणाकडे घर आशेने पाहू लागले होते. वडिलांचा धंदा बुडाल्यावर मुलगी गुणी आहे, सिनेमात काम मिळेल, या भरवशावर सगळे कुटुंब सोलापूर सोडून मुंबईला गेले. ओळखीच्यांच्या घरी आसरा घेतला. शशिकला एका स्टुडिओतून दुसऱ्या स्टुडिओत काम मागत हिंडू लागली. तेव्हा ती अकरा-बारा वर्षांची असेल.

नूरजहाँने उघडलेला दरवाजा

या हिंडण्यातच तिची गाठ नूरजहाँशी पडली. नूरजहाँ म्हणजे त्या काळची पहिल्या क्रमांकाची गायिका-अभिनेत्री. कसूरच्या एका गाण्याबजावण्याच्या घराण्यातली अल्लाह वसाई, जी स्वतः लहानपणापासून रंगमंचावर गात आली होती. तिचे पती सय्यद शौकत हुसेन रिझवी तेव्हा ‘जीनत’ हा चित्रपट दिग्दर्शित करत होते. नूरजहाँला ही सोलापूरची मुलगी आवडली. जी स्वतः पोरवयात घरासाठी गायली, तिला दारात आलेल्या पोरीच्या डोळ्यांत काय दिसले असेल ते सांगायला इतिहासकार लागत नाही.

१९४५ साली ‘जीनत’ आला. त्यात बायकांची एक कव्वाली होती. कव्वाली हा पुरुषांचा प्रांत. दर्गाह असो की मैफिल, पुढे मुख्य कव्वाल, मागे साथीदारांची रांग, हार्मोनियम, ढोलक आणि टाळ्यांचा ठेका. ‘जीनत’ने ही सगळी बैठक बायकांच्या हाती दिली. शब्द नख्शब जारचवी यांचे होते. आवाज नूरजहाँ, जोहराबाई अंबालेवाली आणि कल्याणी यांचे. हिंदी पडद्यावरची बायकांच्या आवाजातली पहिली कव्वाली म्हणून तिची नोंद केली जाते. पडद्यावर टाळ्या वाजवत बसलेल्या मुलींत एक होती शशिकला, आणि दुसरी होती लाहोरची खुर्शीद अख्तर, जी पुढे श्यामा या नावाने ‘आरपार’ची नायिका झाली. या कामाचे शशिकलाला २५ रुपये मिळाले असे सांगतात.

आम्ही ही कव्वाली वर्गात मुलींना दाखवली. एका मुलीने विचारले, “मॅडम, इस में मुसलमान कौन है और हिंदू कौन है?” आम्ही म्हटले, बघून सांग. मुलींनी पुन्हा पुन्हा बघितले. कुणालाच सांगता आले नाही. सोलापूरची शिंप्याची पोर आणि लाहोरची खुर्शीद एकाच ठेक्यावर टाळी देत होत्या. त्या दिवशी धडा संपल्यावर आम्हाला वेगळे काही सांगावे लागले नाही.

दोन वर्षांनी, १९४७ मध्ये, शौकत हुसेन रिझवींचाच ‘जुगनू’ आला. नायक दिलीपकुमार, नायिका नूरजहाँ. त्यातही शशिकला होती. चित्रपट तुफान चालला. पण तोवर देश फाटला होता. नूरजहाँ आणि रिझवी पाकिस्तानात गेले. ज्या घराने शशिकलाला हात दिला ते घरच एका रेषेपलीकडे गेले. फाळणीने काय काय तोडले याचे हिशेब आपण लाखांच्या आकड्यांत वाचतो. त्यात पंधरा वर्षांच्या एका मराठी मुलीचा आधार तुटला, याची नोंद कुठे नाही. नूरजहाँ त्यानंतर १९८२ साली एकदा मुंबईत आली, तेव्हा मुंबईने तिला डोक्यावर घेतले. २००० साली कराचीत तिचे निधन झाले.

उर्दू शिकवणारे म्हणून आम्हाला येथे एक गोष्ट सांगावीशी वाटते. शशिकलाची घरची भाषा मराठी. त्या काळच्या चित्रपटांचे संवाद आणि गाणी मात्र उर्दूने भरलेली. ‘क़’ आणि ‘क’, ‘ज़’ आणि ‘ज’ यांतला फरक ज्याच्या कानाला नाही त्याला त्या पडद्यावर टिकणे अवघड होते. उर्दू घरात वाढलेल्या आमच्या मुलींच्या तोंडूनही हे उच्चार नीट काढून घेताना आमचा घसा सुकतो. १९५० च्या ‘आरजू’मध्ये शशिकला होती. दिग्दर्शक शाहिद लतीफ, कथा इस्मत चुगताई यांची. अशा माणसांच्या चित्रपटात उभे राहायचे तर भाषा अंगात मुरवावीच लागते. तिने ती मुरवली. तिचे पुढचे चित्रपट लावून ऐका, सोलापूर कुठे ऐकू येत नाही. यात अभिमान वाटावा की थोडे दुःख, हे आम्हाला आजही ठरवता आलेले नाही.

नायिका होता होता

नूरजहाँ गेल्यावरची काही वर्षे शशिकलाने मिळेल ते काम केले. व्ही. शांताराम यांच्या ‘तीन बत्ती चार रास्ता’मध्ये ती होती. १९५३ चा हा चित्रपट वेगवेगळ्या प्रांतांतल्या सुना एका घरात नांदवण्याची गोष्ट सांगतो. चार भाषांच्या गल्लीतून आलेल्या मुलीला त्या घराचे नवल वाटले नसेल. त्याच वर्षी ‘जीवन ज्योती’ आला, त्यात नायक नवखा शम्मी कपूर आणि नायिका चाँद उस्मानी, शशिकला दुय्यम भूमिकेत. पण नायिका म्हणून तिचा जम बसला नाही. अशा जागी पुष्कळ मुली थांबतात. शशिकलाला थांबणे परवडणारे नव्हते.

वयाच्या विशीतच तिने ओमप्रकाश सैगल यांच्याशी लग्न केले. ते गायक कुंदनलाल सैगल यांच्या नात्यातले. दोन मुली झाल्या. सैगल यांनी किशोरकुमारला घेऊन ‘करोडपती’ नावाचा चित्रपट काढला. तो बराच काळ रखडला, १९६१ साली लागला आणि पडला. नावात करोड असलेल्या चित्रपटाने घर पुन्हा कर्जात घातले. वडिलांचे कर्ज पाहिलेली मुलगी आता नवऱ्याच्या कर्जासमोर उभी होती. दोन्ही वेळा घर चालवायला तीच पुढे झाली.

१९५९ साली बिमल रॉय यांच्या ‘सुजाता’ने तिला वेगळ्या प्रकाशात आणले. घरातली सख्खी मुलगी रमा तिने केली. अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलीला मनापासून बहीण मानणारी ही रमा हसरी, अवखळ आणि सरळ मनाची आहे. नूतनच्या अबोल सुजाताशेजारी ही खळाळती रमा नसती तर तो चित्रपट एवढा भिडला नसता, असे आमचे मत आहे.

खलनायिका

मग १९६२ साली ताराचंद बडजात्यांचा ‘आरती’ आला. मीनाकुमारी नायिका, आणि घर फोडणाऱ्या जावेच्या भूमिकेत शशिकला. लोक थिएटरात तिला शिव्या घालू लागले. त्या शिव्यांची पावती म्हणून तिला सहायक अभिनेत्रीचे फिल्मफेअर पारितोषिक मिळाले. पुढच्याच वर्षी बी. आर. चोप्रांच्या ‘गुमराह’साठी ते दुसऱ्यांदा मिळाले.

‘गुमराह’वर थोडे थांबायला हवे. लग्न झालेली नायिका जुन्या प्रियकराला चोरून भेटते. एक अनोळखी बाई, लीला, तिला गाठते आणि तुझे गुपित फोडीन म्हणून छळू लागते. ही लीला शशिकलाने केली आहे. ती आरडाओरडा करत नाही. हसते, सोफ्यावर आरामात बसते, समोरच्या बाईचे दागिने न्याहाळते, आणि पाहणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. शेवटी कळते की ही लीला म्हणजे नवऱ्याच्याच कार्यालयातली सेक्रेटरी, आणि हा सगळा डाव नवऱ्याने रचला होता. म्हणजे चित्रपटभर जिला आपण दुष्ट म्हणून शिव्या दिल्या ती बाई दुसऱ्याने नेमून दिलेले काम करत होती. शशिकलाबाईंच्या साऱ्या कारकिर्दीचे सार आम्हाला या एका भूमिकेत दिसते. वाईटपणा तिचा नव्हता. काम तिचे होते, आणि ते तिने चोख केले.

‘हरियाली और रास्ता’, ‘फूल और पत्थर’, ‘नील कमल’, एकामागून एक चित्रपट आले. भुवई उंचावणे, मान तिरकी करणे, हलक्या आवाजात विषारी वाक्य टाकणे, यांतून तिची स्वतःची शैली तयार झाली. येवल्याच्या ललिता पवारांनी खाष्ट सासूला रूप दिले होते. बगदादी ज्यू घराण्यातल्या नादिराने उद्धट, श्रीमंत बाईला रूप दिले. शशिकलाने दिले ते शिकल्या-सवरल्या, हसऱ्या, घरातल्याच वैरिणीला. प्रेक्षकाला तिची भीती वाटे, कारण अशी बाई आपल्याही घरात असू शकते असे त्याला वाटे.

याची किंमतही होती. चित्रपटांतल्या दुष्ट बायकांचा राग लोक खऱ्या शशिकलावर काढत. मधूनच ‘अनुपमा’सारखा चित्रपट मिळे. हृषीकेश मुखर्जींच्या १९६६ सालच्या या चित्रपटात तिने नायिकेची बडबडी, प्रेमळ मैत्रीण ॲनी केली. ती भूमिका पाहिली की वाटते, या बाईला हसवणे आणि माया करणे किती सहज जमत होते. पण बाजाराने तिच्यावर एकदा छाप मारला तो मारला.

पडद्यामागची वर्षे

लोकांना हसत छळणाऱ्या या बाईच्या स्वतःच्या आयुष्यात पुढे फार पडझड झाली. संसार मोडला. त्या घर सोडून एका माणसाबरोबर परदेशात गेल्या, तिथे फार छळ सोसला आणि कशाबशा परत आल्या, हे त्यांनी मुलाखतींतून स्वतःच सांगितले आहे. आपली चूक त्यांनी कुणावर ढकलली नाही आणि झाकूनही ठेवली नाही. त्यावर निकाल देण्याचा आम्हाला अधिकार नाही. ज्याला तो आहे त्याच्याकडे त्या गेल्या.

परत आल्यावर मनाला थारा नव्हता. शांतीसाठी त्या ठिकठिकाणी हिंडल्या आणि शेवटी कोलकात्याला मदर तेरेसांच्या संस्थेत पोहोचल्या. तिथे रुग्णांची, सोडून दिलेल्या माणसांची सेवा केली. जखमा धुतल्या, मैला काढला. नऊ वर्षे आपण मदरच्या सेवेत होतो असे त्या सांगत. पडद्यावर जिने घरे फोडली ती बाई ज्यांना घर नाही त्यांच्या उशाशी बसली. हे काही चित्रपटातले प्रायश्चित्त नव्हते. तिथे कॅमेरा नव्हता. पुढे मोठी मुलगी कर्करोगाने गेली. तेही दुःख त्यांनी पचवले.

नंतर त्या पुन्हा कामाला लागल्या. १९८० च्या ‘खूबसूरत’मध्ये दिसल्या, दूरचित्रवाणीवर आल्या. आमच्या पिढीने त्यांना पाहिले ते ‘सोनपरी’तली आजी म्हणून. २००१ सालच्या ‘कभी खुशी कभी गम’मध्येही त्या होत्या. २००७ साली भारत सरकारने पद्मश्री दिली. ‘जीनत’च्या कव्वालीपासून मोजले तर ६२ वर्षे झाली होती.

आमच्या वर्गातली मुलगी

आता ते दुसरे कारण.

काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात आठवीच्या मुलींनी जहेजवर एक छोटे नाटक केले. सुनेला छळणारी सासू एका मुलीने केली. तिची अम्मी विड्या वळते, अब्बा यंत्रमागावर. त्या मुलीने पदर खोचून, कमरेवर हात ठेवून अशी काही सासू उभी केली की समोर बसलेल्या बायका मोठ्याने बोल लावू लागल्या. एक म्हातारी तर उठून म्हणाली, “अल्ला पूछेगा तुजे!” आम्ही पडद्यामागे उभे होतो. मुलीचे डोळे चमकत होते. आपण काय केले आहे हे तिला कळले होते.

दुसऱ्या दिवशी ती शाळेत आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. आम्ही घरी गेलो. अब्बांनी बसायला चटई दिली, चहा मागवला आणि खाली मान घालून म्हणाले, “मॅडम, लोगां नाम रखते. लडकी की जात है.” गल्लीतली मुले तिला सासू-सासू म्हणून चिडवत होती, आणि कुणी नातेवाईक येऊन लग्नाचा विषय काढून गेला होता. आम्ही तासभर बोललो. शेवटी अब्बा म्हणाले, शाळेत पाठवतो, पण नाटक नको. आम्ही ते मान्य केले. मुलगी शाळेत आली, दहावी चांगल्या गुणांनी पास झाली, आम्हाला आनंद झाला. पण तिने पुन्हा कधी रंगमंचावर पाऊल ठेवले नाही. त्या दिवशी उंबऱ्याबाहेर पडताना तिने आमच्याकडे पाहिले ते अजून आठवते. आम्ही तिची शाळा वाचवली, तिचा गुण वाचवू शकलो नाही.

त्या बापाला आम्ही दोष देत नाही. त्याला लेकीची काळजी होती, आणि त्याच्या डोळ्यांसमोर एकही असे नाव नव्हते की ज्याकडे बोट दाखवून म्हणावे, पाहा, ही बाई अभिनय करून मानाने जगली. आम्हीही त्या दिवशी असे नाव घेऊ शकलो नाही, कारण आम्हालाच ते माहीत नव्हते. शशिकला याच शहरातल्या होत्या. पाचव्या वर्षी रंगमंचावर उभ्या राहिल्या. वाईट बाईच्या भूमिका करून घर चालवले, पोरी वाढवल्या, कर्जे अंगावर घेतली. आणि त्यांना पहिला हात दिला तो नूरजहाँ आणि शौकत हुसेन यांनी. हे चार वाक्यांत सांगता आले असते. कदाचित अब्बांनी ऐकले असते, कदाचित नसते. पण सांगायला हवे होते.

चित्रपटाची वाट ही सुखाची वाट आहे असे आम्ही म्हणत नाही. शशिकलाबाईंचे आयुष्य वाचल्यावर कोण म्हणेल? बालपण गेले, संसार गेला. पोरवयात घर खांद्यावर घेण्याची पाळी कुठल्याही मुलीवर येऊ नये. आमचे म्हणणे एवढेच आहे की पोटासाठी काम करणाऱ्या बाईला तिच्या कामावरून तोलावे, भूमिकेवरून नव्हे. आणि गुण असलेल्या मुलीसाठी कुणीतरी दार उघडायला हवे. नूरजहाँने ते उघडताना मुलीची जात विचारली नाही, धर्म विचारला नाही.

१९९० साली मुस्लिम मराठी साहित्याचे पहिले संमेलन याच सोलापुरात भरले. आपली मराठी आपली आहे, असे आपण तेव्हा ठणकावून सांगितले. मग या भाषेतल्या, या मातीतल्या शशिकलाही आपल्याच. चार हुतात्म्यांच्या नावाने शहरात हुतात्मा स्मृती मंदिर हे नाट्यगृह उभे आहे, त्या चौघांत कुर्बान हुसेन आहेत. त्या रंगमंचावर एखाद्या दिवशी आमच्या उर्दू शाळेतली एखादी मुलगी सासू होऊन उभी राहावी, आणि समोरच्या बायकांनी तिला पोटभर शिव्या घालून घरी जाताना तिच्या अम्मीला मुबारकबाद द्यावी, एवढीच आमची दुआ आहे.

यंदा आठवीच्या वर्गात आम्ही ‘जीनत’ची कव्वाली पुन्हा लावणार आहोत. टाळी देणाऱ्या मुलींत सोलापूरची कोणती, हे या वेळी मुलींना आधीच सांगून ठेवू.